लिंबाजी सोनकांबळेंची आठ बटणं

उदगीरच्या बसस्टँडवर सोळा वर्षं एकच आवाज घुमत होता. "मुखेडमार्गे नांदेडला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागलेली आहे." बिदरच्या गाडीला तो कानडीत हाक मारायचा, देगलूरच्या पलीकडं जाणाऱ्यांसाठी तेलुगूचे दोन शब्द जोडायचा. आवाज अख्ख्या तालुक्याच्या ओळखीचा होता. माणूस मात्र फारसा कुणाला ठाऊक नव्हता. कंट्रोलरच्या खोलीला जाळी होती आणि उन्हाची तिरीप अडवायला जाळीला आतून जुनं कापड लावलेलं असायचं. त्या कापडामागं लिंबाजी सोनकांबळे बसत.

१९७६ साली ते एसटीत कंडक्टर म्हणून लागले, कंट्रोलर पुढं चौऱ्याण्णव साली झाले. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूरचा नवा जिल्हा झाला, तेव्हा त्यांची ड्युटी लातूर–उदगीर गाडीवर होती. "सकाळी उस्मानाबाद जिल्ह्यात चढलो आन संध्याकाळी लातूर जिल्ह्यात उतरलो," असं ते सांगत. मित्रमंडळीत सांगायला त्यांच्याकडं एवढा एकच विनोद होता.

घरी ते बोलत नसत. रागानं नव्हे, त्यांना सुचतच नसे. बायको पारूबाई भाकरी थापता थापता म्हणायची, "साऱ्या मुलखाला बोलताव, आन घरी आलं की तोंडात गूळ धरून बसताव." यावर ते हसत. मूलबाळ झालं नाही. २०१० साली ते रिटायर झाले आणि दोन वर्षांनी काविळीचं निमित्त होऊन पारूबाई गेली. समतानगरात, विहाराच्या मागं, दोन खोल्यांच्या घरात ते एकटे उरले. सकाळी उठून अंगण झाडायचं, दहा वाजता चौकात जाऊन पेपर वाचायचा, स्वतःपुरता भात टाकायचा. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला मंडळी माइक त्यांच्याच हातात देत. वर्षभरातलं त्यांचं बहुतेक बोलणं त्या एका दिवसात होऊन जाई.

२०१५ हे दुष्काळाचं दुसरं वर्ष. नळाला पाणी कधी येईल ते कुणी सांगू शकत नव्हतं. त्याच पावसाळ्यात, म्हणजे पाऊस नसलेल्या पावसाळ्यात, उदगीर जिल्हा व्हावा म्हणून पुन्हा एकदा आंदोलन उभं राहिलं. कार्यकर्ते लिंबाजींच्या घरी आले. "साहेब, रिक्षावर भोंगा लावलाय. घोषणा तुमच्याच तोंडून पाह्यजे." त्यांना नाही म्हणता आलं नाही. खरं तर बरंच वाटलं.

रिक्षा बाजारातून फिरू लागली. रिकामी घागर घेऊन उभी असलेली एक बाई मोठ्यानं म्हणाली, "प्यायला पाणी न्हाई, आन ह्यान्ला जिल्हा पाह्यजे!" लोक हसले. लिंबाजींनी माइक तोंडाजवळ नेला आणि "उदगीर जिल्हा झालाच" एवढ्यावर त्यांचा आवाज फाटला. पुढचा शब्द उमटलाच नाही, नुसती हवा गेली. ते खाकरले, परत बोलायला गेले. पुन्हा तेच. रिक्षातल्या पोरांनी माइक दुसऱ्याकडं दिला. लिंबाजी पुढच्या चौकात उतरून चालत घरी आले.

घसा महिनाभर बसलेलाच राहिला. लातूरच्या मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी घशातून नळी घालून पाहिलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. तीस वर्षं ओढलेल्या बिडीनं आपलं काम केलं होतं. डॉक्टर सरळ बोलणारे होते. "स्वरयंत्र पूर्ण काढावं लागेल. जीव वाचेल. आवाज राहणार नाही. गळ्याला एक भोक राहील, त्यातून श्वास घ्यायचा." तीन आठवड्यांनंतरची तारीख त्यांनी दिली.

दुसऱ्या दिवशी लिंबाजी पाशामियाँच्या दुकानात गेले. चौबाऱ्याजवळच्या गल्लीत पाशामियाँचं रेडिओ-टेपदुरुस्तीचं दुकान होतं. रेडिओ कधीच संपले होते. आता तिथं टॉर्च, मिक्सर आणि पोरांची चिनी खेळणी दुरुस्तीला येत. दोघांची ओळख जुजबी होती. स्टँडवरचा भोंगा बिघडला की डेपोकडून पाशामियाँना बोलावणं जायचं, तेवढीच.

"माझा आवाज कॅसेटमध्ये भरून द्या," लिंबाजी घोगऱ्या आवाजात म्हणाले आणि डॉक्टरांचं सगळं सांगितलं.

पाशामियाँनी डोळ्याला लावलेलं भिंग काढून ठेवलं. मग म्हणाले, "भरून देतो साब. पन ऐकंल कोन?"

त्यांनी ते दुखवायला विचारलं नव्हतं. लिंबाजी टेबलावर पसरलेल्या वस्तू बघू लागले. तिथं एक चपटी प्लास्टिकची पाटी होती, तिच्यावर आठ जनावरांची चित्रं. जळकोटचं कुणीतरी गिऱ्हाईक ती दुरुस्तीला टाकून गेलं होतं, ते तीन वर्षांत परतलं नव्हतं. लिंबाजींनी सहज गायीवर बोट दाबलं. पाटी हंबरली. कुत्र्यावर दाबलं, भुंकली.

"पाशाभाई, हिच्यात माणसाचा आवाज घालता येतो का?"

"माणसाचा?"

"माझा. म्हंजे मी दाबीन आन ती बोलंल."

"मोबाइलात भरा की साब. आजकाल समदं मोबाइलात व्हतं."

लिंबाजींनी खिशातला आपला साधा फोन काढून दाखवला. "ह्याच्यात चष्मा लावून शोधस्तोवर समोरचा मानूस निघून जाईल. हिला चित्र हाय. दाबलं की झालं."

पाशामियाँनी पाटी उलटी केली, चार स्क्रू काढले. आत हिरव्या तुकड्यावर डांबराच्या थेंबासारखा एक काळा ठिपका होता. "जनावरं ह्याच्यात हायत," ते म्हणाले. "ह्याला काढून टाकायचं. दुसरी चिप बसवायची, माइक जोडायचा. हैदराबादहून मागवावी लागंल. साठ सेकंदाची येते. आठ बटनं. आता हिसाब तुम्हीच करा."

"साडेसात," लिंबाजी लगेच म्हणाले. जन्मभर तिकिटं फाडलेला माणूस.

"हौ. एका बटनाला साडेसात सेकंद. सेल संपले तरी आवाज जात न्हाई. चिपमध्येच ऱ्हातो."

"किती दिवस?"

"कंपनी म्हनते शंभर साल."

चिप यायला आठवडा लागला. तेवढ्या वेळात लिंबाजींनी एका वहीत वाक्यं लिहिली, खोडली, घड्याळ लावून म्हणून पाहिली. आवाज रोज थोडा थोडा बसत चालला होता, म्हणून ते दिवसातून एकदाच म्हणत.

ठरल्या दुपारी पाशामियाँनी शटर अर्धं खाली ओढलं, पंखा बंद केला, शेजारच्या टायरवाल्याला घडीभर ठोकाठोक थांबवायला सांगितलं. शेंगदाण्याएवढा माइक लिंबाजींच्या तोंडासमोर धरला आणि गायीचं बटण दाबायची खूण केली.

"प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे," लिंबाजी म्हणाले.

पाशामियाँ हसू लागले. लिंबाजींना आपण काय बोललो ते हसण्यानंतर समजलं. दुसऱ्यांदा त्यांनी वहीतलं वाक्य म्हटलं, पण तेही जाळीमागून आल्यासारखं: "सर्व नागरिकांना कळविण्यात येते की माझा नंबर आहे."

"साब, हे स्टँड न्हाई. समोर एक मानूस हाय. त्याच्यासंगं बोला."

"तेच जमत न्हाई मला."

"भाभीसंगं बोलत व्हते तसं बोला."

लिंबाजींनी वही जवळ ओढली. मग त्यांनी पाण्याचा घोट घेतला आणि हळू आवाजात, कुणाला तरी जवळ बसवून सांगावं तसं, एकेक वाक्य म्हणून टाकलं. मध्ये दोनदा खोकला आला, तेवढी वाक्यं परत घेतली.

गाय: "माझा नंबर आहे. दोन घागरी पाणी द्या." कुत्रा: "माझ्या गळ्याचं ऑपरेशन झालंय. बोलता येत नाही, पण ऐकू येतं." मांजर होकाराला, "हाव"; कोंबडा नकाराला, "न्हाई". बदकाला चहा, साखर कमी. मेंढीला नाव, पत्ता आणि "मला दवाखान्यात न्या." घोड्याला "थांबा जरा, लिहून सांगतो."

सिंह उरला. वहीत त्याच्यापुढं काहीच लिहिलेलं नव्हतं.

"घरी कुनी आलं तर काय म्हनताव?" पाशामियाँनी विचारलं.

लिंबाजींनी विचार केला आणि सिंहाच्या बटणावर बोट ठेवून म्हणाले, "या, बसा. चहा घेऊन जा."

शटर वर करताना पाशामियाँनी विचारलं, "लातूरला सोबत कोन हाय?" लिंबाजींनी नकारार्थी मान हलवली. पुतण्या पुण्यात होता, त्याला सुट्टी मिळणार नव्हती. "मग मी येतो," पाशामियाँ म्हणाले.

दवाखान्यात फॉर्म भरताना खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "पेशंटशी नातं?"

"दोस्त."

"असं चालत नाही काका. नातं सांगा."

"भाई लिहा मग."

बाईंनी पेशंटचं नाव वाचलं, मग सही करणाऱ्याचं नाव विचारून घेतलं: शेख पाशामियाँ. त्यांनी एकदा वर पाहिलं आणि 'भाऊ' लिहिलं. पाशामियाँनी उर्दूत सही केली. मराठी अक्षर त्यांना वाचता येत नसे, लहानपणी मदरशात शिकले तेवढंच शिक्षण.

ऑपरेशन नीट झालं. गळ्याच्या खड्ड्यात रुपयाएवढं भोक, त्यात नळी, वर ओलं फडकं. घरी सोडण्याआधी बोलणं शिकवणाऱ्या शिवकन्या मॅडम आल्या. तिशीच्या, उत्साही. त्या म्हणाल्या, "काका, हवा गिळून ढेकरेसारखी वर आणायची आणि तिच्यावर शब्द बांधायचे. जमतं. हे बघा." त्यांनी एका जुन्या पेशंटला पुढं केलं. त्या माणसानं मान ताणून हवा गिळली आणि "नमस्कार, कसे आहात" म्हटलं. पावसाळ्यातला बेडूक ओरडावा तसा तो आवाज होता.

सोळा वर्षं ज्यानं स्टँड गाजवलं त्याला ते ऐकवेना. लिंबाजींनी पिशवीतून पाटी काढली आणि कोंबडा दाबला.

"न्हाई," त्यांचा जुना आवाज म्हणाला. मॅडम चमकल्या, मग हसल्या. "वा. पण काका, ह्याच्यात आठच आहेत ना?"

लिंबाजी उदगीरला परतले. पहिला महिना घट्ट काही गिळता येईना. पाशामियाँच्या घरून रोज तांदळाची पेज येऊ लागली. त्यांची बायको अमीरबी सकाळी डबा भरून ठेवायची, पाशामियाँ दुकानाला जाताना तो दारात देऊन जात. अमीरबीला लिंबाजींनी दोनदाच पाहिलं होतं, दोन्ही वेळा पडद्याच्या कडेला, डोक्यावरचा पदर सावरताना. पेजेत कधी मुगाची डाळ असे, कधी गाजर. डब्यावर स्वच्छ फडकं बांधलेलं. लिंबाजी डबा घासून, पुसून परत देत. घासायला लागणारं पाणी ते आपल्या पिण्यातून काढत, कारण तोवर टँकर बारा दिवसांनी येऊ लागला होता.

पाण्याची त्यांना इतरांपेक्षा जास्त गरज होती. नळी धुवावी लागे, गळ्यावरचं फडकं ओलं ठेवावं लागे, नाहीतर धुळीनं खोकल्याची उबळ येई आणि भोकातून रक्त दिसे. फेब्रुवारीतल्या एका सकाळी टँकर आला तेव्हा गर्दीत त्यांची घागर दोनदा मागं ढकलली गेली. त्यांनी हात वर केले, कुणी बघेना. मग त्यांनी पिशवीतून पाटी काढली आणि गाय दाबली.

"माझा नंबर आहे. दोन घागरी पाणी द्या."

गर्दी एकदम थांबली. ऑपरेशनच्या आधीचा आवाज, जरा घोगरा, पण तोच. एक म्हातारा ओरडला, "आरं, हे तर स्टँडवालं! स्टँडवरलं सायेब!" बायका वळून बघू लागल्या. त्यांना पहिली जागा मिळाली. कुणीतरी घागरी घरापर्यंत उचलून दिल्या.

महिनाभर समतानगरात दुसरा विषय नव्हता. पोरं दारात यायची, "बाबा, गाय दाबा ना." मोठी माणसं चौकात थांबवून हसत विचारायची, "साहेब, देगलूर गाडी कवा हाय?" लिंबाजी कुत्रा दाबून सांगत की ऑपरेशन झालंय, बोलता येत नाही. लोकांना तेच ऐकायचं असायचं. ते ऐकून लोक म्हणत, "काय आवाज व्हता राव," आणि पुढं जात. त्यांना विचारायचं असं कुणाकडं काही नसे.

मग ते नवं राहिलं नाही. आठ वाक्यं सगळ्यांना पाठ झाली. टँकरवाला ते दिसताच म्हणे, "हाव हाव, दोन घागरी." चहावाला बदकाची वाट न बघता साखर कमी टाके. शेजारच्या धुरपताबाईला कमी ऐकू यायचं, ती तर पाटीकडं बघतच नसे, हातवाऱ्यावरच सगळं समजून घेई. मार्चपर्यंत असं झालं की दिवसचे दिवस पाटी पिशवीबाहेर निघत नसे.

एका दुपारी ते खाटेवर बसून बटणं फडक्यानं पुसत होते. पुसताना सिंह दाबला गेला. "या, बसा. चहा घेऊन जा." त्यांनी दाराकडं पाहिलं. बाहेर रस्त्यावर ऊन होतं, एक कुत्रं भिंतीच्या सावलीला धापा टाकत होतं. ऑपरेशन होऊन पाच महिने झाले होते आणि हे बटण एकदाही लागलं नव्हतं. पाशामियाँ यायचे, पण घाईत, दारातूनच. लिंबाजींनी तेच बटण मुद्दाम परत दाबलं. पारूबाईच्या वेळी आपण कुणाला कधी असं म्हणालो होतो का, ते आठवून पाहिलं. आठवलं नाही. मग उठून त्यांनी आपल्यापुरता अर्धा कप चहा टाकला.

एप्रिलच्या शेवटी, लातूरला रेल्वेनं पाणी येऊ लागलं त्या दिवसांत, अमीरबी गेली. पाण्यासाठी रांगेत उभी असताना उन्हानं चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपली. लिंबाजींना चौकात कळलं. ते तसेच पाशामियाँच्या घरी गेले. अंगणात ताडपत्रीखाली पुरुष बसले होते. पाशामियाँ भिंतीला टेकून होते, डोळे सुजलेले. येणारा प्रत्येकजण जवळ बसून चार शब्द बोलत होता.

लिंबाजी त्यांच्यासमोर बसले. पिशवी मांडीवर होती. त्यांनी मनातल्या मनात एकेक बटण चाचपलं. गाय, कुत्रा, मांजर. कशातच काही नव्हतं. एकोणतीस दिवस त्या बाईनं पेज पाठवली होती आणि स्टँडवर दिवसातून शंभरदा 'धन्यवाद' म्हणणाऱ्या माणसानं आठ बटणांत तो शब्द भरला नव्हता. सुचलाच नव्हता.

शेवटी त्यांनी घोडा दाबला. "थांबा जरा, लिहून सांगतो." ताडपत्रीखालचे लोक दचकले. लिंबाजींनी खिशातून कागद काढला, त्यावर लिहिलं आणि पाशामियाँपुढं धरला.

पाशामियाँनी कागद हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला, मग खाली घेतला. "मराठी मला वाचता येत न्हाई, साब," ते हळूच म्हणाले.

शेजारी त्यांचा पुतण्या फारूक बसला होता, निजामाबादहून आलेला; शाळा मात्र उदगीरला मराठीत झालेली. त्यानं कागद घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्यानं, सपाट वाचला: "अमीरबींनी मला एकोणतीस दिवस पेज दिली. मी त्यांचे आभार मानले नाहीत. मला माफ करा."

पाशामियाँनी मान हलवली. लिंबाजींना वाटलं, आपले शब्द कुणीतरी परक्या गावात नेऊन उतरवले. ते तासभर तिथंच बसून राहिले आणि मग उठले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लातूरची पहिली गाडी धरली. शिवकन्या मॅडमच्या खोलीबाहेर बाकावर दोन तास थांबले. आत बोलावल्यावर त्यांनी पाटी काढली नाही. गळ्याकडं बोट दाखवलं, तोंड उघडलं आणि हवा गिळायचा प्रयत्न केला. हवा खाली गेली आणि तिथंच अडकली. डोळ्यांत पाणी आलं.

"हं," मॅडम म्हणाल्या, "आता सुरू करू."

उन्हाळा, पावसाळा आणि दिवाळीचे दिवस त्यात गेले. त्या वर्षी उशिरा का होईना भरपूर पाऊस झाला, तळी भरली, टँकर बंद झाले. लिंबाजी महिन्यातून दोनदा लातूरला जात, बाकीचे दिवस दार लावून आरशासमोर बसत. हवा गिळायची, वर आणायची, "पा". पुन्हा. "ता". चाळीसदा केलं की चारदा उमटायचं. पोट फुगायचं, जेवण जात नसे. धुरपताबाई दारावर थाप मारून विचारायची, "काय दुखायलंय का ओ?" मांजर दाबून काय सांगायचं, कोंबडा दाबून काय सांगायचं. ते नुसतं दार उघडून हसत. सप्टेंबरात पहिला अख्खा शब्द आला: "पाणी." नंतर दोन शब्द जोडून. आवाज बेडकाचाच होता. त्यांना आता त्याचं काही वाटत नव्हतं, किंवा वाटत होतं पण त्यांनी तिकडं लक्ष देणं सोडलं होतं.

डिसेंबरात एका सकाळी ते पाशामियाँच्या दुकानात गेले. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. पाशामियाँ एका टॉर्चचं झाकण फिरवत होते. लिंबाजी समोरच्या स्टुलावर बसले, मान ताणली, हवा गिळली.

"अमीरबी," ते म्हणाले. थांबले, परत हवा घेतली. "अमीरबीची पेज. लई. गोड व्हती."

पाशामियाँच्या हातातली टॉर्च तशीच राहिली. तो भसाडा आवाज कुठून आला हे कळायला त्यांना क्षणभर वेळ लागला. मग ते म्हणाले, "गाजर घालायची ती. मी म्हनायचो, आजारी मानसाला गाजर कशाला. म्हनायची, रंग बघून तरी खातील." आणि अमीरबीबद्दल आठ महिने कुणाशी न बोललेलं सगळं ते बोलत सुटले: तिचं माहेर देगलूरचं, तिला तेलुगू कसं यायचं, ती रेडिओच्या बातम्या लावून कशी झोपून जायची. लिंबाजी मधूनच एखादा शब्द घालत. "हाव." "कवा?" "मग?" त्या दिवशी दुकानात दोनदा चहा आला.

त्यानंतर रोज सकाळी ते दुकानात जाऊन बसू लागले. पाशामियाँ दुरुस्ती करत आणि बोलत. लिंबाजी ऐकत आणि विचारत. दीड वर्ष असं गेलं. मग पाशामियाँच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, बारीक काम जमेना. हैदराबादहून मुलगा आला आणि वडिलांना घेऊन गेला. दुकानात आता मोबाइलची कव्हरं विकतात. पाशामियाँ कधीमधी फोन करतात, पण लिंबाजींचा नवा आवाज फोनवरून नीट पोचत नाही. नुसती घरघर ऐकू येते. म्हणून पाशामियाँच बोलतात आणि शेवटी म्हणतात, "ऐकून राह्यले ना साब?" लिंबाजी फोनवर बोटानं दोनदा टकटक करतात.

शिवकन्या मॅडमनी त्यांना एक काम लावून दिलं. महिन्याच्या पहिल्या मंगळवारी लातूरला यायचं आणि ज्यांचं ऑपरेशन ठरलंय अशांना भेटायचं. लिंबाजी न चुकता जातात. म्हाताऱ्यांचं अर्धं तिकीट काढून, खिडकीशी बसून.

परवाच्या खेपेला किल्लारीचा केरबा नावाचा माणूस भेटला. साखर कारखान्यात वजनकाट्यावर होता, पन्नाशीचा, सोबत कुणी नाही; बायको भूकंपात गेलेली, मुलगा गुजरातला. तो बाकाच्या टोकाला अंग चोरून बसला होता. लिंबाजींचा आवाज ऐकून आधी दचकला, मग त्यांच्या गळ्यावरच्या फडक्याकडं बघत राहिला.

"माझा आवाज परत येतो का?" त्यानं विचारलं.

"तुमचा न्हाई," लिंबाजी म्हणाले. हवा घेतली. "दुसरा येतो. उशिरा."

"आन तुम्ही कुनासंगं बोलताव?"

खोटं सांगणं सोपं होतं. "एक दोस्त हाय," ते म्हणाले. "हैदराबादला. शेजारीन हाय. तिला. ऐकू येत न्हाई."

केरबाला हसू आलं. ते पुसत तो म्हणाला, "मला आत न्यायला अजून दोन तास हायत. तवर थांबताव का?"

तीन वाजून गेले होते. उदगीरची गाडी चार वाजता होती. त्यानंतरची सात वाजता. लिंबाजींनी पायातल्या चपला काढून बाकाखाली सरकवल्या आणि टेकून बसले.

"कारखान्याचं. सांगा," ते म्हणाले. "काटा. कसा धरता?"

केरबा सांगू लागला.